उसवता यावं म्हणून शिवलेलं

किमोनो पूर्ण उसवला की हातात आठ पट्ट्या उरतात. दोन अंगाच्या, दोन बाह्यांच्या, पुढच्या दोन अरुंद कळ्या, एक लांब गळपट्टी आणि तिच्यावर बसणारी आणखी एक आखूड पट्टी. सगळ्या सरळ कापलेल्या. मुंढ्याची गोलाई नाही, खांद्याला उतार नाही, कमरेला प्लेट नाही. कापल्या त्याच क्रमाने त्या एकमेकींना जोडल्या तर मूळचं ठाण जवळजवळ जसंच्या तसं परत मिळतं. शिंप्याच्या पायाशी कतरणींचा ढीग पडायचा प्रश्नच नाही.

हे ठाण, जपानीत 'तान्मोनो', साधारण 36 ते 38 सेंटिमीटर रुंद आणि 12 मीटरच्या थोडं वर लांब असतं. एकट्या विणकराने मागावर बसून धोटा सहज इकडून तिकडे फेकावा, एवढीच ही रुंदी. बायकांच्या किमोनोचा हिशेब असा: अंगाची प्रत्येक पट्टी मागच्या घोळापासून निघून खांद्यावरून थेट पुढच्या घोळापर्यंत अखंड जाते, म्हणजे खांद्याला शिवणच नाही. या दोन पट्ट्यांना मिळून पावणेसात मीटर. दोन बाह्यांना सव्वादोन मीटर. उरलेलं तीनेक मीटर कापड उभं, मधोमध चिरायचं. एका अर्ध्यातून दोन कळ्या निघतात, दुसऱ्यातून गळपट्टी आणि तिची जोडीदारीण. ठाण संपलं.

गळ्यासाठी भोकही पाडत नाहीत. पाठीच्या शिवणीकडून खांद्याच्या रेषेवर दोन्ही पट्ट्यांना साधारण नऊ-नऊ सेंटिमीटरची आडवी चीर देतात, बस. पुढचं जास्तीचं कापड छाटत नाहीत, ते दुमडून गळपट्टीच्या पोटात जातं. बायकांच्या किमोनोत ही चीर खांद्यापासून दोनेक सेंटिमीटर मागे सरकवलेली असते, म्हणजे नेसल्यावर गळपट्टी मानेला चिकटत नाही. नवशिक्याचा हात थरथरतो तो इथेच. बाकी कुठलीही चूक उसवून सुधारता येते. ही चीर जास्त गेली तर मात्र ते कापड कायमचं गेलं.

आपल्याकडे शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला 'माया' म्हणतात. शिवणकामाच्या शब्दांतला हा सगळ्यात सुंदर शब्द असावा. ब्लाउजला इंचभर माया सोडली तरी शिंपी उदार वाटतो. किमोनोत छाटायचंच नाही म्हटल्यावर सगळं उरलेलं कापड मायेत जातं. मूळ पट्टी 37 सेंटिमीटरची, पण नेसणारीच्या बेताने पाठीची तयार रुंदी 29-30 आणि पुढची 23-24 एवढीच असते. बाकीचं बाजूच्या शिवणीच्या आत निमूट घडी होऊन बसतं. लांबीचंही तसंच. कमरेच्या जरा वर, जिथे ओबीखाली, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या पट्ट्याखाली, कुणाला काही दिसणार नाही, तिथे आतल्या बाजूने एक आडवी दुमड घालून दहा-पंधरा सेंटिमीटर दडवून ठेवता येतात. बाहीच्या तळाशीही थोडं कापड शिल्लक असतं. किमोनो एका अंगाच्या मापाने शिवतात, पण तो त्या अंगाचा कधीच पुरता होत नाही. आई बुटकी, लेक उंच. दुमड सोडली की झालं. लहान मुलांच्या किमोनोला तर खांद्यावर आणि कमरेला उघडउघड टिपा घालतात, आणि मूल वाढेल तशा त्या एकेक सोडत जातात.

उसवायचंच आहे हे धरून शिवायचं, म्हणजे शिवण्याची रीतही तशीच हवी. हाताने, रेशमावर रेशमी दोऱ्यानेच, धावदोऱ्याने. टाका साधारण तीन-चार मिलिमीटरचा. खूण खडूने करत नाहीत. हाडाच्या बोथट पट्टीने कापडावर दाब देऊन रेघ उमटवतात, ती नंतर वाफेने जाते. एका हातात सुई जवळजवळ स्थिर, आणि दोन्ही हात कापडालाच खालीवर हलवत सुईवर चढवत नेतात. वीतभर शिवून झालं की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत शिवण धरून ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओढून घ्यायची. ही पायरी गाळली की शिवण त्या वेळी छान दिसते, पण दोरा कापडापेक्षा आखूड पडलेला असतो. दोनदा नेसलं की रेशीम सैलावतं आणि शिवणीवर बारीक चुण्या उमटतात. एवढ्या 'रुबाबदार' किमोनोची पाठ गोळा झालेली दिसते, तिचं कारण पुष्कळदा ही न ओढलेली शिवण असते.

शिवण झाल्यावर कापड नेमकं टाक्यांवर दुमडत नाहीत. टाक्यांच्या दोन मिलिमीटर अलीकडे घडी घालून इस्त्री फिरवतात, म्हणजे एका बाजूचं कापड दोऱ्यावर पापणीसारखं झुकतं. याला 'किसे' म्हणतात. दोरा दिसत नाही, आणि ताण आला तर त्या दोन मिलिमीटरची ढील मिळते. दोरा कापडापेक्षा कमजोर हवा, हाही नियमच आहे. गुडघे मोडून बसताना सगळा भार पाठीच्या शिवणीवर येतो. तिथे काहीतरी तुटायचंच असेल तर दोरा तुटावा, तो पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. शिलाई मशीनची घट्ट टीप घातली की दोरा टिकतो आणि शिवणीच्या कडेने रेशमाचे ताणे-बाणे सरकून फट पडते. शिवाय मशीनची सुई भोकं पाडते, उसवल्यावर ती दिसत राहतात, आणि ती माया पुन्हा कधी बाहेर आणता येत नाही. पॉलिएस्टरच्या किमोनोला आणि युकाताला, म्हणजे उन्हाळी सुती किमोनोला, मशीन चालतं. चांगल्या रेशमाला मी तरी चालू देणार नाही.

धुण्याची गोष्ट इथूनच सुरू होते. रेशमी किमोनो, तोही अस्तराचा, अख्खा पाण्यात घातला की वाट लागते. चिरिमेन नावाचं जे खरखरीत, जिवंत पोताचं रेशीम आहे, त्यात बाण्याचा धागा हजारो पीळ देऊन घट्ट वळलेला असतो, उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे आलटून-पालटून. विणून झाल्यावर शिजवून त्यातलं सेरिसिन, म्हणजे रेशमाचा नैसर्गिक डिंक, काढला की पीळ उसळी घेतो आणि कापडावर बारीक लाटा उमटतात. पाणी लागलं की तो पीळ पुन्हा आवळतो. वरचं कापड आक्रसतं, अस्तर नाही. घोळ पिशवीसारखा फुगतो आणि अस्तर खालून डोकावतं. पावसात सापडलेल्या किमोनोचं हे नेहमीचं दुखणं.

म्हणून पूर्वी घरोघरी, आणि आज या कामाच्या जाणत्या दुकानांत, 'आराइ-हारि' करतात: धुणं आणि ताणणं. किमोनो पूर्ण उसवायचा. आठही पट्ट्या कच्च्या टाक्यांनी टोकाला टोक जोडून पुन्हा 12 मीटरचं ठाण करायचं. ते फळीवर पसरून ब्रशने, कापडाच्या दिशेने धुवायचं. मग समुद्री शेवाळापासून केलेली पातळ खळ द्यायची. आणि ओलं असतानाच दोन खांबांमध्ये ताणून खालच्या बाजूने 'शिन्शी' लावायच्या. शिन्शी म्हणजे बांबूची बारीक काडी, दोन्ही टोकांना सुई. एक सुई या काठाला, दुसरी त्या काठाला, मधली काडी धनुष्यासारखी वाकलेली. ती सरळ व्हायला बघते आणि कापड आडवं ताणून धरते. दर पाच सेंटिमीटरला एक धरली तर एका ठाणाला अडीचशेच्या आसपास काड्या. अंतर कमी-जास्त झालं तर वाळल्यावर काठ नागमोडी होतो, आणि नागमोडी काठाची पट्टी सरळ शिवता येत नाही. आता बरेच जण वाफेच्या यंत्रावर रुंदी सारखी करून घेतात. सुती कापड असेल तर अंगणात उभ्या केलेल्या फळीवर ओलं चिकटवून वाळवत.

पुन्हा शिवताना मात्र मूळ जागेवरच शिवायचं असं बंधन नाही. झिजलेला घोळ कापून दुमडीत दडवलेली लांबी खाली आणता येते. उजव्या-डाव्या बाहीची अदलाबदल करता येते. मळलेली बाजू आत घेता येते. अगदी विटलं तर पोरांचा किमोनो, मग उशीचा अभ्रा, मग दुपटी-लंगोट, मग फरशी पुसायचं फडकं. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868, शहरातल्या सामान्य माणसाला नवं रेशीम तर सोडाच, नवं सुती कापडही सहज परवडत नसे. जुन्या कपड्यांचा बाजार मोठा होता, आणि फिरते राख-खरेदीवाले चुलीतली राखसुद्धा विकत घेत.

'किमोनो' या शब्दाचा अर्थ नुसता 'अंगात घालायची वस्तू'. मेइजी काळात (1868 ते 1912) कोट-पँट आली, तेव्हा इकडच्या वस्त्राला वेगळं नाव लागलं आणि हा सर्वसाधारण शब्द त्याला चिकटला. त्याआधी त्याला 'कोसोदे' म्हणत: बाहीचं मनगटाकडचं तोंड लहान, म्हणून 'लहान बाही'. हेइआन काळातल्या (794 ते 1185) दरबारी बायका एकावर एक झगे चढवत आणि बाहीच्या कडेला दिसणाऱ्या रंगांच्या थरांतून ऋतू सांगत. कोसोदे त्या सगळ्या डामडौलाच्या आत अंगाला लागून असे. मुरोमाची काळापर्यंत (1336 ते 1573) वरचे थर एकेक करून गळत गेले आणि आतलं वस्त्र बाहेर आलं. आज ज्याला जपानचा राष्ट्रीय पोशाख म्हणून मिरवतात, तो मुळात दरबाराचा अंतर्वस्त्राचा थर आणि कष्टकऱ्यांचा रोजचा कपडा. डावी बाजू उजवीवर हा नियम मात्र त्याहूनही जुना: 719 साली सम्राज्ञी गेन्शोच्या दरबाराने चिनी रिवाजाप्रमाणे तसा हुकूम काढला. नेसणाऱ्याची डावी बाजू वर. उलटं फक्त मृतदेहाला. हल्ली फोनवर काढलेल्या आरशासारख्या उलट्या सेल्फीत जिवंत माणसं मृतासारखी नेसलेली दिसतात आणि नातेवाईक हबकतात, तो भाग वेगळा.

नक्षीचा इतिहास मोठा आहे, पण त्यातला एक धागा आपल्या दारात येऊन थांबतो. उभ्या-आडव्या रेघांच्या कापडाला जपानी शब्द 'शिमा', आणि बेटालाही 'शिमा'. दक्षिणेकडच्या बेटांवरून जहाजाने आलेलं कापड, म्हणून हे नाव, अशी व्युत्पत्ती रूढ आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि मग डच जहाजांतून रेघांचं कापड आलं ते मुख्यतः भारतातून, आणि जपानने त्याला ते जिथून आलं त्या जागांची नावं दिली. जोडशब्दात 'शिमा'चं 'जिमा' होतं. 'सान्तोमे-जिमा' हे मद्रासजवळच्या सान थोमेवरून, 'बेंगारा-जिमा' बंगालवरून. आणि 'चाउ-जिमा' चौलवरून. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याला खेटून असलेलं आपलं चौल. हलकं, पातळ, रेघांचं रेशीम. त्याच्या 'हाकामा', म्हणजे पुरुषांच्या चुणीदार घेरदार विजारी शिवत. 1681 ते 1684 या वर्षांत क्योतोच्या विणकरांनी ते स्वतः विणायला घेतलं आणि नाव तेच ठेवलं. चौलचं रेशीम इतिहासजमा झालं; जपानी शब्दकोशात 'चाउ' अजून आहे.

रेघांचं भाग्य उजळलं ते सरकारी बंदीमुळे. 1683च्या सुमाराला तोकुगावा शोगुनशाहीने, म्हणजे एदो काळातल्या लष्करी राजवटीने, शहरी लोकांच्या चैनीवर हुकूम काढले: सोन्याचं काम नको, भरतकाम नको, अंगभर बांधणी नको. पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी मान डोलावली आणि वरून तपकिरी, करडं, बारीक रेघांचं नेसायला लागले. 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे' अशी म्हणच पडली. चैन आत गेली, अस्तरावर. पुरुषांच्या 'हाओरी' या वरच्या झग्याचं अस्तर पाहिलं तर कधी अख्खं चित्र रंगवलेलं असतं, आणि ते बाहेरच्याला दिसणार केव्हा, तर झगा काढताना क्षणभर. या छटेल साधेपणाला 'इकि' म्हणतात. बंदी नसती तर ही अभिरुची इतकी धारदार झाली असती, असं वाटत नाही.

दुसरी वाट काढली ती रंगाऱ्यांनी. सतराव्या शतकाच्या अखेरीला क्योतोमध्ये मियाझाकी युझेन नावाचा पंखे रंगवणारा कलावंत होता. त्याच्या नावाने 'युझेन' रंगकाम प्रसिद्ध झालं. सोनं नाही, सुई नाही, नुसता रंग. पण ठाण कोरं असतानाच ते सैल टाक्यांनी तात्पुरतं किमोनोसारखं शिवतात, आणि एका विशिष्ट रानफुलाच्या निळ्या रसाने त्यावर चित्र काढतात. हा निळा पाण्याने जातो. मग उसवून पुन्हा सलग ठाण. चिकट तांदळाच्या पिठाची लापशी कागदाच्या शंकूत भरून, धातूच्या बारीक टोकातून रेघांवर दोऱ्याएवढी जाड कड घालतात. मेंदीचा कोन डोळ्यांपुढे आणला तरी चालेल. वर सोयाबीनच्या दुधाचा हात, मग कडांच्या आत कुंचल्याने रंग, वाफ, मग रंगवलेली फुलं पूर्ण लापशीने झाकून रुंद ब्रशने जमिनीचा रंग, पुन्हा वाफ, शेवटी वाहत्या पाण्यात सगळी लापशी धुऊन टाकणं. पूर्वी क्योतोच्या कामो नदीत ही ठाणं सोडलेली असत. प्रदूषणाचे नियम आले आणि ते काम कारखान्यातल्या हौदात गेलं. कड कुठे सुटली की तिथून रंग शेजारच्या पाकळीत शिरतो. जमिनीचा रंग देताना मात्र थांबायची मुभाच नाही, 12 मीटर एका दमात. मध्ये थांबलं की तिथे डाग नाही, कायमची हद्द पडते.

ही फुलांची फांदी डाव्या घोळातून निघून शिवणीवरून पलीकडे जाते आणि खांद्यावर उमलते, तेव्हा ती सुंदर तर दिसतेच, पण तिने कापडाचं स्वातंत्र्य घालवलेलं असतं. रेघांचं किंवा बारीक छापाचं ठाण उलटसुलट कसंही फिरवता येतं. युझेनची प्रत्येक पट्टी मात्र आपल्या जागेला बांधलेली. मापही फार बदलता येत नाही. माया सोडली की शिवणीवरची फांदी तुटते. समारंभाचा किमोनो भाड्याने घेतला की बाकी सगळं ठीक असूनही नक्षी बाजूला एक-दोन सेंटिमीटर चुकलेली दिसते, ती यामुळे. रोजचा कपडा आणि प्रदर्शनाचा कपडा यांची फारकत मला इथे पडलेली दिसते, आणि मन रोजच्याकडे झुकतं.

नेसण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. बायकांचा किमोनो साधारण उंचीएवढाच लांब असतो, म्हणजे तो घोट्याच्या खाली लोळणारच. आधी आतला झगा, त्याची गळपट्टी मागे मूठभर सोडलेली. मग किमोनो खांद्यावर घेऊन पाठीची शिवण कण्यावर आणायची, घोळ जमिनीला लागेल-न-लागेल एवढा उचलायचा, उजवी बाजू आत नेऊन टोक जरा वर, मग डावी तिच्यावर, आणि नितंबाच्या जरा वर पहिली दोरी करकचून. सगळा डोलारा या एका दोरीवर असतो. ती सैल राहिली की तासाभरात घोळ पायात येतो, आणि मग ओबी कितीही देखणी बांधा, उपयोग नाही. वर उरलेलं कापड बाहीखालच्या फटीतून हात घालून खाली सारखं करायचं. कमरेशी त्याची सहा-सात सेंटिमीटरची दुमड दिसते, ती 'ओहाशोरी'. पुरुषांना हे सोपस्कार नाहीत, त्यांचा किमोनो घोट्यापर्यंतच शिवलेला असतो. दुसरी सर्रास चूक म्हणजे गळपट्टी मागे छान सोडलेली असते आणि अर्ध्या तासात मानेला येऊन चिकटते. गळपट्टी ओढून काही होत नाही. पाठीमागे ओबीखालून लोंबणारं कापड खाली ओढायचं. कंबर बारीक असेल तर टॉवेल गुंडाळून ती भरतात, कारण ओबी नळकांड्यावर टिकते, वळणावर ती वर सरकते.

ओबी आधी अरुंद पट्टी होती. एदो काळात ती रुंदावत 30 सेंटिमीटरवर गेली, आणि तिला जागा देण्यासाठी बायकांच्या बाह्या बगलेपाशी अंगापासून सोडाव्या लागल्या. आज सगळ्यात प्रचलित असलेली चौकोनी 'ताइको' गाठ 1817 साली एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, कामेइदो देवळाचा कमानदार पूल नव्याने बांधला तेव्हा तिथल्याच फुकागावा वस्तीतल्या गेइशांनी प्रथम बांधली, असं सांगतात. ओहाशोरीही मेइजी काळात पक्की झाली. जुन्या छापचित्रांतल्या बायकांचे घोळ घरात लोळतात, बाहेर जाताना त्या दोरीने वर बांधतात, आणि छातीपाशी सगळं सैल. आजचं ते चोख, एकही सुरकुती नसलेलं नेसणं मुख्यतः 1960 नंतरच्या नेसणं-शिकवणाऱ्या शाळांनी रूढ केलं. ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरला बिनअस्तरी, जुलै-ऑगस्टला जाळीदार, हे वेळापत्रकही आता उकाड्यामुळे मे महिन्यातच मोडायला लागलंय. बरं झालं.

जुना किमोनो आज कुणी सैल करायला दिला, तर जाणता कारागीर आधी बाहीची एक वीत उसवून आत बघतो. मायेतलं कापड चाळीस-पन्नास वर्षं अंधारात राहिलेलं असतं. बाहेरचा जांभळा उन्हाने राखाडीकडे गेलेला, आणि आत बोटभर पट्टी अजून गडद जांभळी, मध्ये जुन्या घडीची पांढरट रेघ. रेघ वाफेने आणि थोड्या औषधाने बरीचशी जाते. रंगाचा फरक तसा जात नाही. मग एक तर बाहेरच्या फिक्या कापडावर कुंचल्याने जुना जांभळा चढवत दोन्हींची सीमा विरवून टाकायची, नाहीतर पूर्ण ठाण उसवून, धुऊन, त्याहून गडद रंगात बुडवून काढायचं. गिऱ्हाईक बहुतेकदा पहिलं मागतं, कारण ते स्वस्त. कारागीर दुसरं सुचवतो, आणि कापड पेलेल का ते बघायला कडेचा एक धागा चिमटीत धरून ओढून पाहतो.